कोळशाच्या डोक्यावर काय आहे?

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ च्या डिसेंबरात देशातल्या ८८ औद्योगिक पट्ट्यांची क्रमवारी जाहीर केली. अंकलेश्वर आणि वापी यांच्या मागोमाग तिसरा क्रमांक गाझियाबादचा होता, ८७.३७ गुण. त्याच्या पाठोपाठ चौथं चंद्रपूर, ८३.८८ गुण. दिल्लीला खेटून वाढलेलं कारखान्यांचं शहर आणि गोंड राजांची जुनी राजधानी अशी एका यादीत शेजारी-शेजारी येऊन बसली. दोन्हीकडच्या प्रदूषणाची कारणं अनेक आहेत, पण कोळसा दोन्हीकडे आहे. चंद्रपुरात तो जमिनीतून निघतो आणि तिथेच जळतोही. गाझियाबादच्या परिसरात तो फक्त जळतो.

तिथल्या जमिनीत कोळसा असण्याचा प्रश्नच नाही. गंगा-यमुनेच्या दुआबात बोअर मारली की रेती, चिकणमाती आणि चुन्याचे खडे, शेकडो फूट तेच. तरीही एनटीपीसीचं दादरीचं औष्णिक वीज केंद्र १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला इथेच उभं राहिलं. दादरी तेव्हा गाझियाबाद जिल्ह्यात होतं. गौतम बुद्ध नगर जिल्हा १९९७ मध्ये वेगळा झाला. आज या केंद्राची कोळशावरची क्षमता १,८२० मेगावॅट आहे. त्याच्यासाठी कोळशाची सोय केली गेली ती झारखंडमधल्या उत्तर कर्णपुरा क्षेत्रातल्या पिपरवार खाणीतून. शिवाय सिंगरौलीच्या कोळशावर रिहंदला तयार होणारी वीज आठशेएक किलोमीटर लांबीच्या उच्चदाब वाहिनीने याच दादरीत उतरते. म्हणजे राजधानीच्या परिसरातला दिवा लागण्याआधी कुठेतरी दूर, सालाच्या जंगलात, कुणीतरी एका प्रश्नाचं उत्तर देऊन ठेवलेलं असतं: इथे खुली खाण होऊ शकते का?

हा प्रश्न मराठी मुलखाला नवा नाही. वरोऱ्याची सरकारी कोळसाखाण १८७१ ते १९०६ अशी पस्तीस वर्षं चालली. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या टी. डब्ल्यू. एच. ह्यूजने वर्धा खोऱ्यातल्या कोळशावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला तो १८७७ मध्ये. आज कोळसा शोधणाऱ्या आणि काढणाऱ्या संस्थांचं मोठं केंद्र नागपूर आहे: वेस्टर्न कोलफील्ड्स, म्हणजे सगळे म्हणतात ती वेकोलि, खाणींचे आराखडे करणाऱ्या सीएमपीडीआयची प्रादेशिक संस्था, खनिज समन्वेषण महामंडळ, भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं मध्य क्षेत्र कार्यालय. त्यामुळे खाणीची व्यवहार्यता कशी ठरते, हे पाहायला वर्धा खोऱ्यासारखी जागा नाही.

कोळसा कुठे असेल हे आधी खडक सांगतो. गोंड राज्याच्या नावावरून ज्याला गोंडवन म्हणतात, त्या खडकगटाची सुरुवात चंद्रपूरकडे अक्षरशः बर्फाने होते. पैनगंगेच्या पात्रात, इरई नावाच्या गावापाशी, चुनखडकाच्या पृष्ठभागावर समांतर ओरखडे आहेत. सरकत्या हिमनदीने आपल्या तळातले दगड घासत नेले, त्याच्या या खुणा. फेडन या भूवैज्ञानिकाने त्या १८७० च्या दशकात जगापुढे आणल्या. विदर्भाच्या मे महिन्यात तिथे उभ्या राहणाऱ्याला या जागी कधी हिमनदी होती यावर विश्वास ठेवणं जड जातं. हिमनदीने टाकलेल्या दगडगोट्यांचा आणि हिरवट मातीचा थर म्हणजे तालचीर. बर्फ सरल्यावर पाणथळ सखल भागांत झाडोरा साचत गेला, त्यावर वाळू आली, पुन्हा झाडोरा साचला. तो बराकर थर; कोळसा यात. वर कामठी थराचा लालसर, सच्छिद्र वालुकाश्म. त्यावर काही ठिकाणी लामेटा, पश्चिमेकडे दख्खनचा काळा पाषाण, आणि सगळ्यांच्या वर कापसाची काळी माती. सगळ्यांच्या खाली पैनगंगा गटाचा चुनखडक. एकाच जिल्ह्यात कोळशाच्या खाणी आणि सिमेंटचे कारखाने एकमेकांना खेटून का, याचं उत्तर या उतरंडीत आहे.

वर्धा खोऱ्याचं वैशिष्ट्य असं, की इथे बहुतेक भागांत एकच जाड थर महत्त्वाचा. पंधरा-वीस मीटर जाडीचा. झरियासारखी एकावर एक थरांची चळत इथे नाही. या थराला उतार आहे आणि तो जागोजागी भ्रंशांनी तुटलेला आहे. भ्रंश म्हणजे जमिनीच्या पोटातली जुनी चीर, जिच्या एका बाजूचा खडक खाली घसरलेला असतो. एका बोअरमध्ये साठ मीटरवर लागलेला कोळसा पुढच्या बोअरमध्ये एकशेवीसवर लागतो किंवा लागतच नाही, याचं कारण बहुधा हेच.

म्हणून बोअर. जमिनीतून उपसलेला खडकाचा दंडगोल, त्याला कोअर म्हणतात, तो पेटीत ओळीने मांडला जातो. लांबट पेटी, आत पट्ट्या ठोकून केलेले कप्पे, प्रत्येक टप्प्याच्या शेवटी खोली लिहिलेला ठोकळा. भूवैज्ञानिक पेटीशेजारी उकिडवा बसतो आणि डावीकडून उजवीकडे, पुस्तकाच्या ओळी वाचाव्यात तसा, वाचत जातो. पिवळट वाळूचा खडक, करडा शेल, मग अचानक काळं. पण सगळं काळं म्हणजे कोळसा नव्हे. चकाकणारी पट्टी, मंद पट्टी, मातकट पट्टी, आणि मध्येच बोटभर ते हातभर जाडीची शेलची पाचर, असा तो थर असतो. नखाने खरवडून, हातात तोलून, तुकडा मोडून पाहिल्यावर कळतं की वीस मीटरच्या थरात खरा कोळसा सोळाच मीटर आहे. कोअर कधी पाण्याच्या दाबाने धुऊन जातो, पेटीत मोकळी जागा उरते. ती मोकळी जागा कोळशाची होती की मातीची? हे ठरवायला बोअरमध्ये उपकरण सोडून खडकाची घनता आणि नैसर्गिक किरणोत्सार मोजतात. कोळशापाशी दोन्ही आलेख खाली येतात.

भारतात १९५० च्या दशकापासून चालत आलेल्या पद्धतीप्रमाणे बोअरपासून २०० मीटरच्या आतला कोळसा सिद्ध धरतात, एक किलोमीटरपर्यंतचा निर्देशित, दोन किलोमीटरपर्यंतचा अनुमानित. बातम्यांत मात्र तिन्हींची बेरीज येते. 'जिल्ह्यात इतके कोटी टन कोळसा' असं वाचताना त्यातला सिद्ध किती, ही पहिली चौकशी व्हायला हवी. ती क्वचितच होते. आणि सिद्ध झालेला कोळसाही काढता येईलच असं नाही. इथून पुढे कोळशापेक्षा त्याच्या डोक्यावर काय आहे, याला महत्त्व येतं.

एक साधं गणित. समजा थर १८ मीटर जाड आहे आणि कोळशाचा एक घनमीटर दीड टन भरतो. एक चौरस मीटर जागेखाली २७ टन कोळसा झाला. काढताना दहा टक्के गेला असं धरलं तर हाती साधारण २४ टन. वर ९० मीटर खडक-माती असेल, तर टनामागे पावणेचार घनमीटर ओबी हलवावी लागते. (ओबी म्हणजे ओव्हरबर्डन, कोळशावरची खडक-माती. तो पूर्ण शब्द खाणपट्ट्यात कुणी उच्चारत नाही, सगळे ओबी म्हणतात.) आता थर सहाला एक या उताराने खाली जातो आहे. तीनशे मीटर पुढे गेलं की तो ५० मीटर आणखी खोल. वर १४० मीटर ओबी, टनामागे पावणेसहा घनमीटर. कोळसा तोच, जाडी तीच, पण तीनशे मीटरच्या चालीत खर्च दीडपट झाला. या वाटेवर कुठेतरी एक रेघ असते, जिच्या पलीकडे खुली खाण परवडत नाही. व्यवहार्यता अहवालाचं अर्धं काम ही रेघ नकाशावर काढण्याचं असतं.

ज्या सिंगरौलीची वीज दादरीत उतरते, तिथे झिंगुरदा नावाचा थर सव्वाशे मीटरहून जाड आहे. तिथे ही रेघ फार लांब पडते. वेकोलिच्या अनेक खाणींत टनामागे चार-पाच घनमीटर आणि त्याहूनही जास्त ओबी काढावी लागते. विदर्भातला कोळसा महाग का, याचं पहिलं कारण भूगर्भात आहे. कामगारांकडे किंवा यंत्रांकडे बोट दाखवण्याआधी ते लक्षात घ्यायला हवं.

ओबी हलवली की ती कुठेतरी ठेवावीही लागते. फोडलेला खडक फुगतो, त्यामुळे खड्ड्यातून निघालेला माल त्याच खड्ड्यात मावत नाही. सुरुवातीची काही वर्षं तर खड्ड्यात जागाच नसते, सगळा माल बाहेर. वणी, घुग्घुस, माजरी, राजुरा या टापूत सपाट शेतांमधून उठलेले भुरे-काळे डोंगर दिसतात, ते हे. त्यांच्या तळाशी बऱ्याचदा काळी माती असते, आणि काळी माती पावसात काय करते हे विदर्भातल्या शेतकऱ्याला कुणी सांगायला नको. ती पाणी पिते, फुगते, निसरडी होते. तिच्यावर शंभर फुटांचा ढीग उभा करायचा तर आधी ती खरवडून बाजूला काढावी लागते, तळाला पाण्याची वाट करून द्यावी लागते, ढिगाचा उतार सौम्य ठेवावा लागतो. सौम्य उतार म्हणजे जास्त जमीन, जास्त जमीन म्हणजे जास्त मोबदला. उतार एखाददुसऱ्या अंशाने ताठ केला की कागदावर प्रकल्प सुधारतो. या एखाददुसऱ्या अंशात माणसांचे जीव अडकलेले असतात. २४ जून २००० रोजी महाराष्ट्रातल्या कावडी खुल्या खाणीत कड कोसळून १० जण दगावले. झारखंडात राजमहल क्षेत्रातल्या लालमटिया खाणीत २९ डिसेंबर २०१६ च्या रात्री ढिगारा घसरला आणि २३ जण गाडले गेले.

कोळशाची प्रत हा वेगळाच प्रांत आहे, आणि तिथे पिपरवारची गोष्ट सगळ्यात शिकवणारी. भारतीय कोळशात राख पुष्कळ, आणि ती कोळशाच्या कणाकणांत मिसळलेली. हिमनद्या ओसरल्यावर वाहणाऱ्या प्रवाहांनी झाडोऱ्याबरोबर मातीही आणून टाकली, त्याचं हे फळ. पिपरवारसारख्या खाणीतून निघालेला कच्चा कोळसा दादरीपर्यंत नेणं म्हणजे मालगाडीत दगड भरून उत्तर भारत ओलांडणं. म्हणून तिथे खाणीबरोबर कोळसा धुण्याचा कारखानाही आखला गेला. काम मिळालं ऑस्ट्रेलियातल्या व्हाइट इंडस्ट्रीज या कंपनीला. कोल इंडियाशी करार झाला सप्टेंबर १९८९ मध्ये. खड्ड्यातच फिरतं क्रशर, तिथून पट्ट्यांवरून कोळसा वर, अशी त्या काळी आपल्याकडे नवलाची वाटणारी रचना होती. करारात उत्पादन आणि प्रत यांनुसार बक्षीस आणि दंड ठरले होते. भांडण लागलं ते याच कलमांवरून. धुतलेल्या कोळशाची प्रत किती, नमुना कसा घ्यायचा, बक्षीस देय आहे की नाही.

आंतरराष्ट्रीय लवादाने २००२ मध्ये कंपनीच्या बाजूने चाळीस लाखांहून अधिक ऑस्ट्रेलियन डॉलरचा निवाडा दिला. तो भारतात कोर्टात अडकून पडला. कंपनीने मग भारत सरकारलाच दोन देशांमधल्या गुंतवणूक कराराखाली दुसऱ्या लवादापुढे खेचलं, आणि २०११ च्या नोव्हेंबरात निकाल भारताच्या विरोधात गेला. गुंतवणूक करारांच्या अभ्यासात हा खटला आज जगभर वाचला जातो. कोळशाच्या अभ्यासकाने मात्र त्यातली दुसरी गोष्ट टिपावी: कोअरच्या पेटीत काढलेली सरासरी राख आणि पट्ट्यावरून धावणाऱ्या कोळशाची राख यांत फरक पडतो, आणि तो फरक कुणी सोसायचा हे आधी ठरलेलं नसेल तर खाण चालूनही हिशेब मिटत नाही.

खाणीपासून हजार किलोमीटरहून लांबच्या वीज केंद्रांनी ३४ टक्क्यांपेक्षा जास्त राखेचा कोळसा वापरू नये, असा नियम केंद्र सरकारने १९९७ मध्ये केला होता. २०२० च्या मे महिन्यात ही मर्यादा काढून टाकण्यात आली. राख त्यामुळे नाहीशी होत नाही. खाणीजवळ धुऊन वेगळी करण्याऐवजी ती शहराजवळच्या भट्टीतून बाहेर पडते, एवढाच फरक. दादरीला राखेचा कोरडा डोंगर रचून त्यावर झाडं लावली आहेत.

पाण्याचा हिशेब अहवालात असतो, पण बहुतेकदा उपसण्याच्या बाजूने. खड्ड्यात किती पाणी येईल, किती पंप लागतील. कामठीचा वालुकाश्म हा विदर्भातला उत्तम पाणी धरणारा खडक आहे, आणि वर्धा खोऱ्यात कोळशापर्यंत जायची वाट अनेक ठिकाणी त्याच्यातूनच जाते. खड्डा शंभर मीटर खाली गेला की आसपासच्या विहिरींचं पाणी त्याच्याकडे ओढलं जातं. शेतकऱ्याची विहीर चाळीस फुटांची. ती साधारण केव्हा आटेल हे भूजलाच्या प्रतिमानातून बऱ्यापैकी सांगता येतं. ते गावात जाऊन सांगायची पद्धत मात्र नाही. चंद्रपूर शहराजवळ इरई नदीच्या काठाने उभे राहिलेले ढिगारे आणि पुरात शहरात शिरणारं पाणी यांचा संबंध तिथले लोक वर्षानुवर्षं मांडत आले आहेत. नदीचं पात्र मोकळं करण्याची मागणी त्यातूनच पुढे आली.

मग जमीन. कोळसा असलेल्या जमिनी घेण्यासाठी १९५७ चा स्वतंत्र कायदा आहे आणि त्याखाली अनेक दशकं विदर्भातली काळी कसदार शेती फार कमी पैशांत गेली. वेकोलि ज्या कोल इंडियाचा भाग आहे, तिच्या पद्धतीप्रमाणे प्रकल्पाला साधारण १२ टक्के परतावा मिळायला हवा, तोही ८५ टक्के क्षमतेने चालल्यावर. महाराष्ट्रात २०१२ मध्ये एकरी ६, ८ आणि १० लाख असे दर ठरले. पडीक, कोरडवाहू आणि ओलिताची अशी ही चढण. त्याबरोबर दोन एकरांमागे एक नोकरी. या दरांनी वेकोलिचे बरेच प्रकल्प १२ टक्क्यांच्या खाली आले. तोडगा निघाला 'कॉस्ट प्लस'चा: खर्च अधिक ठरावीक नफा, या दराने वीज कंपनीने कोळसा घ्यायचा.

मोबदल्यामुळे कोळसा महागला, असं तेव्हा ऐकू येत होतं आणि अजूनही येतं. पण आकडे उलट बाजूने वाचायला हवेत. जी खाण शेताची रास्त किंमत दिल्याबरोबर तोट्यात जाते, ती आधीही व्यवहार्य नव्हती. तिचा तोटा इतकी वर्षं शेतकरी भरत होता, आणि तो कुठल्याच अहवालाच्या रकान्यात लिहिलेला नव्हता.

जंगलाचं मोल तर अशा रकान्यात बसतच नाही. २०१० च्या सुमारास पर्यावरण आणि कोळसा मंत्रालयांनी मिळून नऊ कोळसा क्षेत्रांचे नकाशे जंगलाच्या नकाशांवर ठेवून पाहिले. कुठे खाण चालेल, कुठे नाही, अशी विभागणी केली. त्या नऊंत दादरीला कोळसा देणारं उत्तर कर्णपुराही होतं आणि आपलं वर्धा खोरंही. ती विभागणी राजकीय दबावात टिकली नाही, ही या क्षेत्रातली मोठी गमावलेली संधी. त्याच सुमारास ताडोबाच्या सीमेजवळच्या लोहारा खाणीविरुद्ध चंद्रपूर उठलं. 'इको-प्रो' या संस्थेचे बंडू धोतरे २००९ मध्ये उपोषणाला बसले, आणि ती खाण पर्यावरण मंत्रालयाच्या उंबऱ्यापाशी अडली. २०२० मध्ये लिलावाच्या यादीत ताडोबाच्या परिसरातलाच बंदर कोळसापट्टा आला. राज्य सरकारने हरकत घेतल्यावर तो यादीतून निघाला. दोन्ही ठिकाणी कोळसा होता, बोअर झालेल्या होत्या, टनांचे आकडे तयार होते. वाघ एका जंगलातून दुसऱ्यात ज्या वाटेने जातो, ती वाट नकाशावर सगळ्यात शेवटी चढली. पहिली बोअर मारण्याआधी ती चढली असती, तर सरकारचे पैसे आणि लोकांची वर्षं दोन्ही वाचली असती.

खाण संपल्यावर काय, याला आता कागदावर उत्तर आहे. कोळसा मंत्रालयाने २००९ मध्ये खाण बंद करण्याच्या आराखड्याची सक्ती केली. खुल्या खाणीसाठी त्या वर्षीच्या दराने हेक्टरी ६ लाख रुपये वेगळ्या खात्यात ठेवायचे. प्रत्यक्षात उमरेडपासून राजुऱ्यापर्यंत हिंडणाऱ्याला शेवटचे खड्डे पाण्याने भरलेले दिसतात. ओबीतला वाळूचा खडक दळून-धुऊन बांधकामाची वाळू करण्याचा वेकोलिचा नागपूरजवळचा प्रयोगही मोलाचा आहे. कन्हान आणि वैनगंगेची पात्रं ओरबाडली जात असताना ओबीची अशी किंमत होणं, हे सुरुवातीच्याच अहवालात यायला हवं.

जुन्या भूमिगत खाणींचं प्रकरण त्याहून अवघड. वर्धा खोऱ्यात पूर्वी कोळशाचेच खांब ठेवून, गल्ल्या काढून कोळसा काढत. अशा गल्ल्यांवर नंतर वस्त्या वसल्या, आणि काही ठिकाणी आता उरलेल्या खांबांसाठी खुली खाण येते. गल्ल्यांत पाणी तुंबलेलं असतं, कुठे आग धुमसत असते, आणि शंभर वर्षांपूर्वीचे नकाशे अपुरे असतात. २६ ऑगस्ट २०२२ रोजी घुग्घुसच्या अमराई वॉर्डात एक घर साठ-सत्तर फूट खाली गेलं. जमीन हलू लागल्याचं जाणवून घरातली माणसं बाहेर धावली होती, म्हणून वाचली. मागे उरला एक गोल खड्डा, भोवती पोलिसांची दोरी, आणि दोरीपलीकडे आपापल्या भिंतींवरच्या भेगा तपासणारे शेजारी. आसपासची घरं रिकामी करावी लागली. खाली जुनी भूमिगत खाण आहे हे गावात सगळ्यांना माहीत होतं. तिची नेमकी कोणती गल्ली कोणाच्या चुलीखालून जाते, हे सांगणारा नकाशा त्या वॉर्डातल्या एकाही घराकडे नव्हता.